वैशूचा कॉम्प्युटर, माझा कूलर

वैशू,

आधी माफी मागते. माझं अक्षर तुला माहीत आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट जमलं नाही आणि जोडाक्षर आलं की पेन थांबतो. चौथीनंतर मी एका बैठकीत चार ओळीसुद्धा लिहिल्या नाहीत. दुधाचा हिशेब आणि रेशनच्या फॉर्मवरची सही, एवढंच माझं लिहिणं. ही वही तुझीच आहे. पहिल्या आठ पानांवर तुझ्या हातच्या नोंदी आहेत, कोणत्या लग्नाचं किती शूटिंग, कोणाला कोणतं गाणं पाहिजे. त्यांच्या पुढच्या पानावर मी लिहिते आहे. तू पाहिलं असतंस तर म्हणाली असतीस, "वहिनी, हे वाचाले आता बाहेरून माणूस आणा लागते." कोणी वाचणार नाही, म्हणूनच लिहिते.

तुला जाऊन सव्वा महिना झाला. येणारी-जाणारी माणसं थांबली. तुझे दादा बाजारात धान्याच्या मापाला जातात, संध्याकाळी येतात, जेवतात, झोपतात. मीही सगळं करते. फक्त थकवा जात नाही. दवाखान्याच्या दोन वर्षांचा असेल, नाहीतर आणखी कशाचा. रडू येतं असं वाटतं आणि येता येता राहतं. रडायलासुद्धा अंगात थोडा जोर लागतो हे मला आता कळलं. दुपारी भांडी घासून पुढच्या खोलीत बसते तर समोर तुझं टेबल. त्याच्यावर तो काळा डबा. त्याच्यावर मी तुझी जुनी ओढणी झाकून ठेवली आहे, धूळ नको म्हणून. कूलर अजून बाहेर काढला नाही. ऊन तापायला लागलं आहे, दादा दोनदा म्हणाले, "काढ ना तो कूलर." मी म्हटलं, काढू. हात होत नाही.

तो कॉम्प्युटर घरात आला तेव्हा तो कॉम्प्युटर नव्हताच. चार खोकी होती. तू जळगावातल्या स्टुडिओत दुसऱ्यांच्या मशिनीवर लग्नाचं मिक्सिंग करत होतीस, आठ वर्षं. एक दिवस येऊन म्हणालीस, आता घरी करीन. मग प्रत्येक पगाराला खामगावला रफीकभाईच्या दुकानात जायचीस आणि एक खोकं घेऊन यायचीस. बसमध्ये मांडीवर ठेवून. दादा म्हणाले होते, "एवढ्या पैशात म्हैस आली असती."

"म्हशीले बटन नसते, दादा," तू म्हणालीस. "बंद नाही करता येत."

"पण दूध देते ना वं."

"हाही देईन. फक्त शेण नाही टाकणार."

दादा हसले नाहीत, पण त्या रात्री जेवताना मला म्हणाले, बोलते बाकी मस्त.

मग एका रविवारी तू बाजेवर स्वच्छ चादर अंथरून सगळं मांडलंस. मला शेजारी बसवलं. प्रत्येक वेळी हात लावायच्या आधी तू लोखंडी कपाटाला हात लावायचीस आणि मलाही लावायला लावायचीस, अंगातली वीज जावी म्हणून. मला वाटलं माझी गंमत करतेस. तो प्रोसेसर पाहिला तेव्हा मला हसू आलं. एवढ्या खोक्यांतून निघालं काय, तर बिस्किटाएवढा चौकोन. "हा सगळं करते," तू म्हणालीस, "बाकीचे सगळे याचे नोकर." त्याच्यावर तू पांढरट पेस्ट लावलीस. मी म्हटलं, "एवढीच?" तू म्हणालीस, "तुरीच्या दाण्याएवढी. जास्त झाली तं बाहेर येते." मग त्याच्यावर तो तांब्याच्या नळ्यांचा आणि पातळ पत्र्यांचा ठोकळा बसवलास आणि त्याच्यावर पंखा. चारही स्क्रू तू आडवेतिडवे पिळलेस, एका कोपऱ्याचा थोडा, मग समोरच्या कोपऱ्याचा थोडा. मी विचारलं नाही, पण मला कळलं. शिलाई मशीनच्या पाटीचे स्क्रू माझी आई तसेच पिळायची.

तो पहिल्याच वेळी चालू झाला आणि तू माझ्याकडे पाहिलंस. दादांकडे नाही, माझ्याकडे. एवढं मोठं काम करून कोणी आधी माझ्याकडे पाहिलं असं माझ्या आयुष्यात फार वेळा झालं नाही.

त्याच्यानंतर आपलं भांडण सुरू झालं. भांडण म्हणजे तू बोलायचीस आणि मी दोन शब्द बोलून गप्प बसायची. पण मनात ते चालूच राहायचं. अजून चालू आहे.

लग्नाची तीन तासांची फिल्म शेवटी एकत्र करून बाहेर काढायची तर त्या डब्याला सहा तास लागायचे. तू म्हणालीस, याचा वेग वाढवता येतो. कंपनी देते तीन पॉइंट सहा, आपण आतले आकडे बदलून चार पॉइंट दोन करू. मी विचारलं, कंपनीनं का नाही केला मग.

"कंपनी सगळ्यांसाठी बनवते, वहिनी. थंड गावासाठी, गरम गावासाठी, आळशासाठी, सगळ्यांसाठी. थोडी जागा सोडून देते. जशी आपण ब्लाउजले आतून माया सोडतो."

हे मला पटलं होतं. पण माया उसवली की कपडा ओढतो हेही मला माहीत होतं. तू चालू करताना एक कळ दाबून धरायचीस, एक वेगळाच पडदा यायचा आणि तू आकडे वाढवायचीस. पहिल्यांदा मधेच अडकला. मग तू वीज थोडी वाढवून दिलीस, मग चालला. पण तापायला लागला. दोन दिवस तू तेच केलंस. वाढवायचं, चालवायचं, तापमान पाहायचं, कमी करायचं. चार पॉइंट दोनवर येऊन थांबलीस.

"सहाचे किती तास झाले?" मी विचारलं.

"पाच."

"एका तासासाठी एवढा जाच करते त्या जिवाचा?"

"त्याले कुठं जीव हाय?"

"आवाज तं करते ना."

तू पाठ टेकून हसलीस. मग एकदम गंभीर होऊन म्हणालीस, "एक तास म्हणजे काय ते तुले माहीत हाय का, वहिनी? रोजचा एक तास. सीझनमध्ये साठ दिवस. साठ तास. तेवढ्यात मी झोपीन."

मी म्हटलं, "पहाटे चालव ना मग. चार वाजता लाव, गार राहते. आकडाही वाढवा नाही लागत."

"मशीन आपल्या टायमानं चालली पाहिजे. आपण तिच्या टायमानं नाही."

तू तुझ्या जागी बरोबर होतीस. लग्नाचे दिवस म्हणजे चैत्र-वैशाख. बाहेर बेचाळीस-चव्वेचाळीस आणि सगळ्यांना फिल्म लवकर पाहिजे. पण मी काय म्हणते ते तू एकदाही करून पाहिलं नाहीस. हे मी तुला आता सांगते आहे, कारण आता तू मधे बोलणार नाहीस.

तू मला काम दिलंस. आकडा पाहायचं. पडद्याच्या कोपऱ्यात त्या प्रोसेसरचं तापमान यायचं. तू म्हणालीस, "अक्षर नको वाचू, फक्त हा आकडा पाह्य. पंच्याऐंशीपर्यंत काही नाही. नव्वद झाले की मले हाक मार." मला आकडे येतात. दादा मापाच्या चिठ्ठ्या घरी आणायचे तेव्हा बेरीज मीच करायची. मी खुर्ची ओढून बसायची, हातात निवडायचं ताट. डाळ निवडता निवडता पाहायची. एकोणऐंशी, एक्क्याऐंशी, ऐंशी. आतून पंख्याचा आवाज वाढला की आकडा न पाहताही कळायला लागलं. तू मागच्या बाजेवर पडलेली असायचीस, कधी कधी खरंच झोप लागायची तुला. शेजारणीनं एकदा दारातून पाहिलं आणि म्हणाली, "सुमनबाई कॉम्प्युटर शिकल्या वाटते." मी उठून आत गेले. तू बाजेवरूनच ओरडून सांगितलंस, "शिकल्या नाही, ऑपरेटर हायेत." त्या दिवशी मला लाज वाटली. चांगलंही वाटलं.

तू एकदा मला समजावून सांगितलं होतंस की पंखा गारवा देत नाही. तो फक्त गरमी उचलून बाजूला नेतो. खोली जेवढी गरम, त्याच्यापेक्षा प्रोसेसर गार होऊच शकत नाही. ते मी नीट ऐकलं होतं. माझ्या डोक्यात एवढंच राहिलं की पंखा गारवा देत नाही आणि कूलर देतो.

आता ते लिहायचं आहे ज्याच्यासाठी मी बसले.

त्या दुपारी तू पिंपळगाव राजाला गेली होतीस, एका नवरीच्या घरी अल्बम दाखवायला. दुसऱ्या एका लग्नाची फिल्म बाहेर निघत होती. चार तास होऊन गेले होते, एक राहिला होता. गरमीमुळे तू डब्याचं एका बाजूचं झाकण काढून ठेवलं होतंस. मी ताट घेऊन बसले. अठ्ठ्याऐंशी झाले. नव्वद झाले. मी तुला फोन केला, लागला नाही. ब्याण्णव. थांबवायचं कसं ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी माझ्या हातानं चार तासांचं काम बुडवायची हिंमत मला झाली नसती. चौऱ्याण्णव. दादा आतल्या खोलीत झोपले होते, त्यांना उठवलं असतं तर ते म्हणाले असते, बंद कर मेन.

दोन खोल्यांच्या दारात आपला पत्र्याचा कूलर होता, तोंड दादांच्या बाजेकडे. मी तो ओढला. चाकं वाजली तरी दादा उठले नाहीत. त्याचं तोंड मी तुझ्या उघड्या डब्याकडे केलं, टाकी बोअरच्या पाण्यानं काठोकाठ भरली आणि बटन शेवटच्या नंबरवर केलं.

आकडा उतरायला लागला. नव्वद. शहाऐंशी. एक्क्याऐंशी. सत्त्याहत्तर. वैशू, मला इतका आनंद झाला. मला वाटलं, तू आलीस की सांगीन. तुझ्या त्या तांब्याच्या नळ्यांना जमलं नाही ते मी केलं. मी हसतच होते एकटी. मग डब्यातून टक्क असा आवाज आला, पडदा काळा झाला आणि जळलेल्या वायरचा वास आला.

मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. मी हात पुढे केला तर हाताला थेंब लागले. भरल्या टाकीचा कूलर शिंतोडे उडवतो हे मला माहीत होतं. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती खारं आहे हेही माहीत होतं. कूलरच्या जाळ्यांमधलं गवत दर वर्षी मीच बदलते, मिठानं पांढरं होऊन लाकडासारखं कडक होतं म्हणून. हंड्याच्या तळाचा थर मीच खरवडते. आपण प्यायला कॅन विकत घेतो. सगळं मला माहीत होतं, फक्त त्या वेळी आठवलं नाही. मी कूलर जागेवर नेला. फरशी पुसली. डब्याच्या आत पदरानं हळूच टिपलं, लोखंडी कपाटाला हात लावून.

तू आलीस. मी म्हटलं, "आपोआप बंद पडला."

तू वास घेतलास. वायर काढल्या. मग बाजेवर बसून राहिलीस, चप्पल पायातच. म्हणालीस, "माझंच चुकलं. लई वाढवला मी."

मी त्या वेळी बोलायला पाहिजे होतं. एक वाक्य होतं. मी म्हटलं, "चहा ठेवू का?" आणि तू हो म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी तू तो डबा चादरीत बांधून खामगावला घेऊन गेलीस. मी दिवसभर देवापुढे बसले नाही, कारण काय मागायचं ते समजेना. ते लपून राहो, की फुटो. संध्याकाळी तू आलीस तेव्हा म्हणालीस, "मदरबोर्ड उडाला होता. प्रोसेसर वाचला. रफीकभाईनं नवीन बोर्ड उधारीत दिला." एवढंच. मग न बसता तू टेबल ओढायला लागलीस. खिडकीजवळून समोरच्या भिंतीला नेलंस. मी विचारलं, काऊन. म्हणालीस, "इकडून प्लग जवळ पडते." डब्याचं झाकण लावलंस, त्याच्या जाळीवर कापड बांधलंस. आणि त्याच संध्याकाळी पुन्हा ती कळ दाबून आकडा चार पॉइंट दोनवर नेलास.

तेव्हा मी तुझ्यावर ओरडले. आयुष्यात एकदाच. "एकदा जळालं तरी तुले अक्कल नाही आली? उधारीचा बोर्ड हाय तो." दादा दारात येऊन उभे राहिले, माझा एवढा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

तू वळून पाहिलंस. रागानं नाही. "या टायमाले नाही जळत, वहिनी."

"तुले काय माहीत?"

"माहीत हाय. तू फक्त आकडा पाह्यत जाय."

मी किती दिवस तुझ्याशी कामापुरतं बोलले. मनात म्हणायची, हट्टी आहे, घमंडी आहे. तुझ्यावर राग धरला की माझा गुन्हा जरा हलका वाटायचा. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं.

दोन दिवसांनी तू माझ्या टिकल्यांचं पाकीट मागितलंस. कीबोर्डावर एका कळीवर हिरवी टिकली लावलीस, दुसरीवर लाल. "हिरवीनं फिल्म निघाले लागते. लालनं थांबते. थांबली तं काही बुडत नाही, फक्त वेळ जाते. वेळ काय, आपलीच हाय." मग माझा हात धरून माझ्याकडून दोन्ही दाबून घेतल्यास. दहा-दहा वेळा. मला वाटलं, माझ्याशी अबोला मोडायला करतेस.

मग तुझे पाय सुजायला लागले. मग दवाखाना, मग तपासण्या. दोन्ही किडन्या. लोक म्हणतात, या पट्ट्यातलं पाणी. खरं असेल. मी कधी त्या हंड्याचा थर खरवडते तेव्हा हात थांबतो, पण मी त्याच्यापुढे विचार करत नाही. एवढा विचार करायला मला बळ नाही. आठवड्यातून दोनदा आपण खामगावला जायचो. चार तास तू डायलिसिसच्या मशिनीला बांधलेली आणि मी स्टुलावर. तिथंही पडद्यावर आकडे होते आणि मी सवयीनं ते पाहायची. तू म्हणालीस, "ऑपरेटर, किती झालं?" मी म्हटलं, सगळं बरोबर. तू त्या नर्सला विचारलं होतंस, "सिस्टर, याचा स्पीड नाही का वाढवता येत? चारचे तीन करा ना." सिस्टर हसली. म्हणाली, वाढवता येतो थोडा, पण शरीराला सोसत नाही. तू माझ्याकडे पाहिलंस. मी खाली पाहिलं. आपल्या भांडणात तेवढं एक मी जिंकले आणि मला ते जिंकायचं नव्हतं.

त्या चार तासांत किती वेळा तोंडापर्यंत आलं. तू डोळे मिटून पडलेली असायचीस आणि मी मनात वाक्य जुळवायची. वैशू, त्या दिवशी कूलर मी फिरवला होता. एवढंच. मग तू डोळे उघडायचीस आणि म्हणायचीस, घरी गेल्यावर पातळ भाकरी टाक, आज जड नको. आणि ते राहून जायचं. होळीच्या आधी तू गेलीस. वाक्य माझ्याकडेच राहिलं.

तेराव्याला रफीकभाई आले होते. बाहेर ओट्यावर दादांजवळ बसले. तुझ्या बोर्डाचे बत्तीसशे रुपये देणं राहिलं होतं, आजारपणात तुझ्याकडून पुढचे हप्ते गेले नव्हते. ते म्हणाले, "दादा, वैशालीचं खातं मी बंद केलं. आता त्याचं काही काढू नका." दादांनी हात जोडले. मी आतून ऐकलं. मला वाटलं होतं हायसं वाटेल. वाटलं नाही. ते माफ करत होते ते तुझं देणं समजून. ते तुझं नव्हतंच.

पिंपळगाव राजाच्या एका लग्नाची फिल्म तू शेवटच्या महिन्यात पडून पडून पूर्ण केली होतीस. फक्त बाहेर काढायची राहिली होती. नवरीच्या आईचा दोनदा फोन आला, बिचारी फिल्मचं विचारायला लाजत होती. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी म्हटलं, चार दिवसांत देते. कोणाच्या हिमतीवर म्हटलं ते मला माहीत नाही.

पहाटे साडेतीनला उठले. अंघोळ केली. ओढणी काढली, कपाटाला हात लावला, डबा चालू केला. तू वहीत फिल्मचं नाव लिहून ठेवलं होतंस, ते पडद्यावर अक्षर अक्षर जुळवून शोधलं. चार वाजता हिरवी टिकली दाबली. वेग तुझाच होता, चार पॉइंट दोन. तो कमी कसा करायचा ते तू मला शिकवलं नाहीस आणि मीही विचारलं नव्हतं. ताट घेऊन बसले. बाहेर गार होतं, दार उघडं ठेवलं. चौसष्ट. सहासष्ट. उजाडलं, दूधवाला येऊन गेला, दादा उठून मागे उभे राहिले आणि चहा करायला आत गेले. नऊ वाजता फिल्म निघाली. पूर्ण पाच तास. आकडा एकाहत्तरच्या वर एकदाही गेला नाही, वैशू. तुझा वेग आणि माझी वेळ. दोन वर्षं आपण भांडलो आणि दोघींचंही बरोबर होतं. सांगायला मागे वळले तर बाज रिकामी.

त्या माणसांनी पैसे दिले. त्यातले बत्तीसशे मी रुमालात बांधले आणि काल एकटी खामगावला गेले. मी एकटी कधी बसनं खामगावला गेले नव्हते, हे तुझ्याशिवाय कोणाला सांगायचं. दुकानापुढं दोन फेऱ्या मारल्या. गिऱ्हाईक गेल्यावर आत शिरले.

रफीकभाई उठून उभे राहिले. "या भाभी. दादा नाही आले?"

"एकटीच आली." मी रुमाल काउंटरवर ठेवला. "बोर्डाचे बत्तीसशे."

"भाभी, मी दादाले सांगितलं ना, खातं बंद केलं."

"ते तिचं नव्हतं. बोर्ड माझ्यामुळं जळाला. ती म्हणे आकडा वाढवला म्हणून जळाला. पण मी कूलर फिरवला होता त्याच्यावर. पाणी उडालं. मी तिले सांगितलं नाही."

दोन वर्षं जुळवलेलं वाक्य होतं. दुकानात पंखा फिरत होता आणि ते एवढ्यात संपलं.

रफीकभाई खाली बसले. म्हणाले, "मले माहीत हाय, भाभी."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"गरमीनं तो जळत नाही. शंभरच्या जवळ गेला की स्वतःच बंद होते, तशीच सोय असते त्याच्यात. बोर्डावर सफेद ठिपके होते. ब्रश मारला तं नमक निघालं. तुमच्या बाजूचं पाणी मी ओळखतो ना. मी म्हटलं, काय वैशाली, कॉम्प्युटरले आंघोळ घातली का? आधी हसली ती. मंग बसूनच गेली. त्या खुर्चीवर." त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची दाखवली. "मंग म्हणे, रफीकभाई, हे आमच्या घरी कोणाले सांगू नका. माझी वहिनी आता कुठं त्या मशीनजवळ बसाले लागली. हे समजलं तं ती पुन्हा त्या खोलीत पाय नाही ठेवणार."

सगळं एकामागून एक आठवायला लागलं. टेबल कूलरच्या तोंडापासून लांब भिंतीला का गेलं. झाकण का लागलं. त्याच संध्याकाळी आकडा पुन्हा का वाढवलास आणि मी ओरडले तेव्हा तू रागानं का पाहिलं नाहीस. हिरवी आणि लाल टिकली. आणि माझंच चुकलं, हे तू त्या एका दुपारी म्हणालीस, खामगावहून आल्यावर पुन्हा एकदाही नाही. मी आकडे मोजत बसले आणि हे मला दिसलं नाही.

तुझा रागही आला, खरं सांगते. स्टुलावरच्या त्या चार-चार तासांत तूही जागी होतीस तर. एकदा म्हणायचं होतंस, वहिनी, मले माहीत हाय. मी हलकी झाले असते. तू मला सांभाळलंस आणि मला तुझ्याजवळ रडूही दिलं नाहीस. आणि मग वाटलं, तू सांगितलं असतंस तर मी खरंच त्या खोलीत गेले नसते. मग परवा पहाटे हिरवी टिकली कोणी दाबली असती.

"पैसे राहू द्या, भाभी," रफीकभाई म्हणाले.

"नाही. तुम्ही तिले माफ केलं. मले नका करू."

त्यांनी रुमाल सोडला, माझ्यासमोर नोटा मोजल्या, वही काढली. तुझ्या नावाचं पान होतं. बंद केलं म्हणाले होते, पण रेघ मारली नव्हती. त्यांनी आता मारली आणि वही माझ्याकडे फिरवली. मी तुझ्या नावाखाली माझं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं. बत्तीसशे रुपये पूर्ण फिटले.